प्लास्टिक सर्जन की फेशियल प्लास्टिक सर्जन? नाकाच्या ऑपरेशनआधी पाटीमागचं शिक्षण कसं वाचायचं

प्रश्न: मी नाशिकची, वय २६. शाळेत असताना सायकलवरून पडून नाक मोडलं होतं. आता डाव्या नाकपुडीतून श्वास जेमतेम येतो आणि नाकावर उंचवटा आहे, तो मला नकोय. पुण्यात दोन ठिकाणी दाखवलं. एक डॉक्टर एमसीएच प्लास्टिक सर्जन, दुसरे एमएस ईएनटी, पण पाटीवर ‘फेशियल प्लास्टिक सर्जन’. दोघंही चांगलं बोलले आणि दोघांनीही एकमेकांच्या शाखेबद्दल नाक मुरडलं. न्यू जर्सीला असलेली मावसबहीण म्हणते, तिकडे नाकासाठी फेशियल प्लास्टिक सर्जनकडेच जातात. दोघांच्या शिक्षणात नेमका फरक काय आणि मी कुणाकडे जाऊ?

उत्तर:

आधी माझी बाजू सांगून टाकतो. मी स्वतः एमसीएच प्लास्टिक सर्जन आहे, तेव्हा या वादात मी तिऱ्हाईत नाही. तेवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

एमबीबीएसपर्यंत दोघांची वाट एकच: साडेचार वर्षं शिक्षण आणि वर्षभराची इंटर्नशिप. तिथून फाटा फुटतो. प्लास्टिक सर्जन साधारणपणे आधी जनरल सर्जरीत तीन वर्षांचं एमएस किंवा डीएनबी करतो, मग नीट-एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांचं एमसीएच. एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचा डीआरएनबीचा, म्हणजे राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या त्याच पातळीच्या पदवीचाही रस्ता आहे, वर्षं तितकीच. ईएनटी सर्जन एमबीबीएसनंतर तीन वर्षांचं एमएस करतो. त्याला चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जरीत जायचं असेल तर पुढे फेलोशिप घेतो. ती कुठे वर्षाची, कुठे काही महिन्यांची, कुणी परदेशात जाऊन केलेली. सरकारी सेवेच्या बाँडची वर्षं सोडून द्या; एमबीबीएसनंतर एकाची सहा वर्षं, दुसऱ्याची साधारण चार.

हा हिशेब आमची माणसं फार आवडीने मांडतात. पण त्या सहा वर्षांत आम्ही काय करत असतो ते पाहिलं की त्याची धार जरा बोथट होते.

जनरल सर्जरीची तीन वर्षं हर्निया, अपेंडिक्स, फुटलेली आतडी आणि मधुमेह्यांच्या सडलेल्या पायांत जातात. नाकाशी संबंध येतो तो नाकातून पोटात जाणारी नळी, रायल्स ट्यूब, घालण्यापुरता. मग एमसीएच सुरू होतं. सरकारी रुग्णालयातल्या प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात जाऊन पाहा: स्टोव्हच्या नाहीतर गॅसच्या भडक्यात भाजलेल्या बायका, मळणी यंत्रात हात गेलेले शेतमजूर, पॉवर प्रेसखाली बोटं गेलेले एमआयडीसीतले कामगार, पायाची कातडी सोलून निघालेले दुचाकीवाले, दुभंगलेल्या ओठांची बाळं, तंबाखूच्या कॅन्सरमुळे अर्धा जबडा काढलेली माणसं. रात्री अकराला तुटलेलं बोट पिशवीत आणि पिशवी बर्फात अशी केस येते. मायक्रोस्कोपखाली मिलिमीटरभर रुंदीची रोहिणी, केसाहून बारीक टाके, आणि मग उजाडेपर्यंत बोट गुलाबी राहतं का याची वाट.

फ्लॅप, म्हणजे रक्तपुरवठ्यासकट हलवलेला कातडीचा तुकडा, लावलेल्या पेशंटजवळ रेसिडेंट रात्रभर दर तासाला जातो. बोटाने कातडी दाबतो, रंग परत यायला किती वेळ लागतो ते मनात मोजतो. शंका आली तर सुईचं टोक टोचतो. काळपट रक्त भराभर आलं तर नीला तुंबली, काहीच आलं नाही तर रोहिणी बंद पडली. दोन्ही वेळा सरांना उठवायचं आणि ओटी उघडायची. अशा रात्री काढून काढून कातडीचा कुठला तुकडा कुठल्या रक्तवाहिनीवर जगेल, कुठवर फिरेल आणि किती ताणला की मरेल हे हाताला कळायला लागतं. एमसीएचची खरी कमाई ही.

ईएनटीच्या रेसिडेंटचं जग खांद्यांच्या वरचं, पण तिथे तो रोज असतो. नाकाच्या मधल्या पडद्याची ऑपरेशनं तर आठवडाभर चालू असतात. दुर्बिणीतून सायनस मोकळे करणं, कानामागचं मास्टॉइडचं हाड ड्रिलने कोरताना त्यातून जाणारी, चेहरा हलवणारी नस वाचवणं, कानासमोरची पॅरोटिड ग्रंथी काढताना तीच नस फांदी-फांदी सोडवणं, लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकलेलं नाणं, घोळण्याच्या रक्ताला पॅकिंग, श्वासासाठी गळ्याला छेद देण्याची मध्यरात्रीची ट्रॅकिऑस्टॉमी. नाकाची आतली बाजू त्याने एमएसच्या तीन वर्षांत जितक्या वेळा पाहिलेली असते, तितक्या वेळा आम्ही सहा वर्षांत पाहत नाही. हे मी माझ्या शाखेच्या लोकांसमोरही म्हणतो, आणि त्यांना ते आवडत नाही.

आता एक आतली गोष्ट. कॉस्मेटिक ऱ्हायनोप्लास्टी, म्हणजे नाकाचा आकार बदलण्याची, तुम्हाला हवी आहे ती शस्त्रक्रिया, दोघांच्याही पदवीत फारशी हातून होत नाही. ती अभ्यासक्रमात असते, परीक्षेत तिच्यावर प्रश्न येतात. पण भाजलेले आणि चेंगरलेले पेशंट वाट पाहत असताना सरकारी टेबलावर नाकाचा उंचवटा काढायला नंबर कधी लागणार? जे लागतात त्यांत मोठा वाटा वरिष्ठांचा, ज्युनिअर रिट्रॅक्टर धरतो. त्यातून हे ऑपरेशन इतकं बारीक की बाजूला उभं राहणाऱ्याला भोकातलं काही दिसत नाही. म्हणून चांगली नाकं करणारे जे सर्जन तुम्हाला भेटतील, दोन्ही शाखांतले, ते बहुतेक ही कला पदवीनंतर कुणातरी एका माणसाच्या हाताखाली शिकलेले असतात. ‘कुणाकडे शिकलात?’ हा प्रश्न ‘काय शिकलात?’ यापेक्षा इथे कामाचा आहे, आणि विचारला तर कुणालाही राग येऊ नये.

पाटीवरच्या शब्दांचं काय? आपल्याकडे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच आणि डीआरएनबी आहे, ईएनटीची एमएस आणि डीएनबी आहे. ‘फेशियल प्लास्टिक सर्जरी’ या नावाची स्वतंत्र एमसीएच नाही. तेव्हा पाटीवरचे ते शब्द कामाचं वर्णन आहेत, पदवी खाली बारीक अक्षरांत लिहिलेली असते. यात लगेच खोट शोधू नका. मनापासून वर्षानुवर्षं फक्त नाक, कान आणि चेहरा करणारे ईएनटी सर्जन आहेत आणि त्यांतले काही उत्तम आहेत. पण वर्षभर पूर्णवेळ फेलोशिप केलेला आणि दोन दिवसांचं वर्कशॉप केलेला, दोघांच्याही पाट्या एकसारख्याच दिसतात. विशेष अर्हता नसताना त्या शाखेचा तज्ज्ञ म्हणवून घेऊ नये, असं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेत स्पष्ट आहे. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने केसांचं रोपण आणि सौंदर्यशस्त्रक्रियांबद्दल सूचना काढल्या तेव्हा वर्कशॉपमध्ये किंवा यूट्यूबवर पाहणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे, असं लेखी सांगावं लागलं. ते सांगावं का लागलं याचा अंदाज कुठल्याही मोठ्या शहरातल्या हेअर ट्रान्सप्लांटच्या होर्डिंगांवरून येतो. डॉक्टरची नोंद आणि नोंदवलेली पदव्युत्तर पदवी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये पाहता येते. नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर असतोच.

आता तुमच्या मावसबहिणीचं म्हणणं. तिकडे ते बरोबर आहे, पण इथे जसंच्या तसं लागू होत नाही, आणि कारण वर्षांच्या हिशेबातच आहे. अमेरिकेत ईएनटीची रेसिडेन्सी पाच वर्षांची असते. त्या पाच वर्षांत चेहऱ्याची फ्रॅक्चर्स, फ्लॅप आणि ऱ्हायनोप्लास्टी यांच्या केसेस रेसिडेंटच्या नावावर नोंदवाव्या लागतात. त्यानंतर फेशियल प्लास्टिकची वर्षभराची फेलोशिप, ती तिथल्या फेशियल प्लास्टिकच्या अकादमीच्या देखरेखीखाली चालते. ही अकादमी १९६४ ची. प्लास्टिक सर्जनसाठी मेडिकल स्कूलनंतर सलग सहा वर्षांचा इंटिग्रेटेड कार्यक्रम आहे, नाहीतर आधी जनरल सर्जरीसारखी पूर्ण रेसिडेन्सी आणि वर तीन वर्षं. म्हणजे पाच अधिक एक आणि इंटिग्रेटेड सहा, दोघं एकाच वयात बाहेर पडतात. एकाची सहाच्या सहा वर्षं डोकं-मान-चेहरा यांच्याभोवती गेलेली, दुसऱ्याच्या सहा वर्षांत स्तन, हात, पोट, भाजणं आणि चेहरा अशी वाटणी. तिथे ‘मी फक्त चेहराच करतो’ या वाक्याला वजन आहे. आपल्याकडे एमएस ईएनटी तीन वर्षांचं आणि फेलोशिपचा दर्जा जागेनुसार बदलणारा, म्हणून तेच वाक्य इथे ऐकलं की मागचं तपासून घ्यावं लागतं.

तिकडेही सगळं गुण्यागोविंदाने चाललंय असं समजू नका. अमेरिकन बोर्ड ऑफ प्लास्टिक सर्जरी १९३७ मध्ये स्थापन झालं आणि ते वैद्यकीय बोर्डांच्या शिखर संस्थेचं सदस्य आहे. ईएनटीचं बोर्ड त्याहून जुनं, १९२४ चं, तेही सदस्य. फेशियल प्लास्टिकचं बोर्ड मात्र १९८६ चं आणि त्या शिखर संस्थेबाहेरचं. प्लास्टिक सर्जन यावर बोट ठेवतात. समोरून उत्तर येतं की आमच्या बोर्डाची परीक्षा देण्याआधी ईएनटीचं किंवा प्लास्टिक सर्जरीचं मूळ बोर्ड पास असावं लागतं, शिवाय प्रत्यक्ष केलेल्या ऑपरेशनांचे रिपोर्ट तपासायला द्यावे लागतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तुमच्या बहिणीला तिकडे कधी गरज पडली तर तिने ‘बोर्ड सर्टिफाइड’ एवढ्यावर न थांबता कुठलं बोर्ड ते विचारावं, कारण ‘कॉस्मेटिक सर्जरी’चंही एक वेगळं बोर्ड आहे आणि तेही शिखर संस्थेबाहेरचंच. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना हे सोपं जातं: जनरल मेडिकल कौन्सिलच्या स्पेशालिस्ट रजिस्टरवर नावासमोर शाखा लिहिलेली असते.

हे भांडण कुणाच्या बापजाद्यांच्या जागेवरून चाललंय ते पाहिलं तर गंमत वाटते. नाकाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास सांगताना दोन्ही शाखा सुश्रुतापासून सुरुवात करतात आणि मग थेट आपल्या पुण्याजवळ येऊन थांबतात. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ ला एक पत्र छापून आलं. कावसजी नावाचा मराठा बैलगाडीवान १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या सैन्याबरोबर होता. तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराहून जास्त तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवून दिलं. पत्रात कृती दिली आहे: मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून आकार घ्यायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, कडेने रेघ मारायची, तेवढी कातडी सोडवून दोन भुवयांमध्ये एक पट्टी जोडलेली ठेवून खाली वळवायची, वरून काताचा लेप लावलेलं फडकं. साधारण पंचविसाव्या दिवशी ती जोडपट्टी कापायची. आज आम्ही कॅन्सरनंतर गेलेलं नाक कपाळाच्या फ्लॅपने करतो तेव्हा पट्टी कापायची वेळ तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच येते. भुवईच्या आतल्या टोकाजवळून वर जाणाऱ्या रोहिणीवर तो फ्लॅप जगतो. त्या रोहिणीचं नाव कारागिराला माहीत नव्हतं. पट्टी कुठे सोडायची ते माहीत होतं. ते वाचून जोसेफ कार्प्यू याने १८१४ मध्ये लंडनला तेच ऑपरेशन केलं, आणि युरोपात ते ‘भारतीय पद्धत’ म्हणून गेलं.

पुढची वंशावळ तर आमच्या दाव्याची पारच पंचाईत करते. बाहेरून छेद न देता नाकपुडीतून नाकाचा आकार बदलण्याचं काम १८८७ मध्ये प्रसिद्ध करणारे जॉन ऑर्लंडो रो हे न्यूयॉर्क राज्यातले ईएनटी डॉक्टर. बर्लिनचे जाक जोसेफ, ज्यांना सौंदर्यासाठीच्या नाकशस्त्रक्रियेचे जनक मानतात, ते हाडांच्या शस्त्रक्रियेतून आलेले. आणि पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये सिडकपच्या रुग्णालयात चेहरा उडालेल्या सैनिकांवर काम करून आधुनिक प्लास्टिक सर्जरीचा पाया घालणारे हॅरॉल्ड गिलीज? तेही मूळचे ईएनटी सर्जन. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत आपले डॉ. नोशिर अँटिया, त्यांनी मुंबईत जे. जे. रुग्णालयात टाटा प्लास्टिक सर्जरी विभाग उभा केला आणि कुष्ठरोगात बसलेली नाकं पुन्हा उभी करण्याचं मोठं काम केलं. कानाची कड गेली असेल तर उरलेली कड सरकवून जोडण्याची एक पद्धत जगभर अँटिया-बुच फ्लॅप म्हणून ओळखली जाते. १९६७ चा तो मुंबईचा शोध आज दोन्ही शाखांची पोरं सारख्याच हक्काने शिकतात. विदर्भात नागपूरला डॉ. सी. बालकृष्णन यांनी देशातल्या अगदी सुरुवातीच्या विभागांपैकी एक उभारला. त्यामुळे ‘नाक आमचं’ असं कुठल्याही शाखेने म्हणणं मला तरी पटत नाही.

मग फरक उरतो कुठे? माझ्या मते ऑपरेशन ठरल्याप्रमाणे पार पडतं तेव्हा फारसा उरत नाही. दोन्हीकडचा अनुभवी माणूस उंचवटा खाली आणेल, टोक उचलेल. शिक्षण दिसतं ते बिघडल्यावर.

तुमच्याच नाकाचं घ्या. उंचवट्यात वर हाड असतं, खाली कूर्चा, म्हणजे लवचीक मऊ हाड. तो तासताना वरच्या बाजूच्या कूर्चा मधल्या पडद्यापासून सुट्या होतात आणि आधार दिला नाही तर आत पडतात. तिथे नाकाच्या हवेची सगळ्यात अरुंद जागा आहे; पडदा आणि ती कूर्चा यांच्यातला कोन जेमतेम दहा-पंधरा अंशांचा. तो आणखी मिटला की नाक फोटोत सुंदर आणि रात्री तोंड उघडं टाकून झोप. म्हणून पडदा आणि त्या कूर्चांमध्ये दोन्हीकडून कूर्चेच्या बारीक पट्ट्या बसवतात, त्यांना स्प्रेडर ग्राफ्ट म्हणतात. जॅक शीन यांनी १९८४ मध्ये मांडलेली युक्ती. ज्याने आयुष्यभर ‘डॉक्टर, नाक बंद आहे’ हीच तक्रार ऐकली आहे, त्याला हे आठवून द्यावं लागत नाही. माझ्याकडे दुसरीकडून ऑपरेशन होऊन येणाऱ्या नाकांत ही चूक नेहमी दिसते, आणि त्यांतली बरीच माझ्याच शाखेच्या हातची असतात.

उलट बाजूही आहे. वाकड्या पडद्यासाठी कुणाची आधी सेप्टोप्लास्टी झालेली असते आणि तेव्हा कूर्चा जरा जास्तच काढलेली असते. पडद्याची वरची आणि पुढची कड निदान सेंटिमीटरभर रुंद ठेवायची असते. ती राहिली नाही की काही महिन्यांत नाकाचा कणा मधोमध खचतो. अशा नाकाला आता बाहेरून कूर्चा आणावी लागते. कानाची पुरत नाही, बरगडीची काढावी लागते. बरगडीखाली लगेच फुप्फुसाचं आवरण. ते फाटलं तर काय करायचं हे जनरल सर्जरी करून आलेल्याला शिकवावं लागत नाही. दोनदा ऑपरेशन झालेल्या नाकाची कातडी काळी पडू लागली, टाक्यांजवळ मरू लागली, तर पुढे कपाळाचा फ्लॅप लागेल का, कधी आणि कुठल्या रोहिणीवर, हा निर्णय रात्री फ्लॅप सांभाळून वाढलेल्याचा. वर्षभर पूर्णवेळ चांगली फेलोशिप केलेला ईएनटी सर्जन हेही शिकून आलेला असतो. दोन दिवसांच्या वर्कशॉपमध्ये मात्र हे शिकवत नाहीत.

म्हणून पहिल्यांदाच होणारं नाक, श्वासाचा त्रास मोठा, आकारातला बदल माफक, तर फेशियल प्लास्टिकचं नीट शिक्षण घेतलेला ईएनटी सर्जन ही उत्तम निवड, असं मी माझ्या घरच्या माणसालाही सांगेन. दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा होणारं, बरगडी लागणारं, दुभंगलेल्या ओठाबरोबरचं, किंवा भाजून-कापून कातडीच कमी पडलेलं नाक असेल तर प्लास्टिक सर्जन. जबडाच मागे असल्यामुळे नाक मोठं दिसत असेल, तर ओरल अँड मॅक्झिलोफेशियल सर्जनचं, म्हणजे बीडीएसनंतर तीन वर्षांचं एमडीएस केलेल्याचं, मत घेतल्याशिवाय नाकाला हात लावू नये. पापण्यांचं काम डोळ्यांच्या शाखेतले ऑक्युलोप्लास्टिकवाले आमच्या दोघांहून सरस करतात, पण तो तुमचा विषय नाही.

आता तुमचं. लहानपणी मोडलेलं नाक, एक बाजू बंद, वर उंचवटा: हे श्वास आणि आकार दोन्हींचं मिळून एक ऑपरेशन आहे, सेप्टोऱ्हायनोप्लास्टी. ‘आधी ईएनटीकडून पडदा करून घ्या, आकाराचं नंतर बघू’ असं कुणी म्हणालं तर थांबा. आकार देताना लागणारी कूर्चा त्याच पडद्यातून मिळते. आधीच काढून टाकली तर नंतर कान किंवा बरगडी. दोन सर्जन मिळून एकाच वेळी करत असतील तर उत्तम, तसंही होतं.

त्या दोन्ही डॉक्टरांनी तुम्हाला तपासलं कसं, ते आठवा. नाकात स्पेक्युलम घालून, मग एंडोस्कोप घालून पाहिलं का? नाकाखाली थंड स्टीलची पट्टी धरून दोन्ही नाकपुड्यांची वाफ किती उमटते ते पाहिलं का? गाल हलकेच बाहेर ओढून ‘आता मोकळं वाटतं का?’ असं विचारलं का? जोरात श्वास घेताना नाकपुडीची भिंत आत ओढली जाते का, ते समोरून पाहिलं का? आणि नाकाच्या टोकाची कातडी चिमटीत धरून तिची जाडी पाहिली का? आपल्याकडे बऱ्याच जणांची कातडी जाड आणि टोकाची कूर्चा नाजूक असते. आतून कितीही कोरीव काम केलं तरी जाड कातडीवरून ते दिसत नाही, हे आधी सांगणारा सर्जन भला. ज्याने आत न डोकावता मोबाइलवर फोटो बारीक करून दाखवला, त्याची पदवी कुठलीही असो, मी तिकडे परत गेलो नसतो.

परत भेटाल तेव्हा मोजकं विचारा. ऱ्हायनोप्लास्टी नियमित करता का, की अधूनमधून? हे काम कुणाकडे शिकलात आणि किती काळ? तुमच्याच केलेल्या नाकांचे वर्षानंतरचे फोटो, समोरून आणि खालून घेतलेले, दाखवाल? फक्त एका बाजूने काढलेल्या फोटोत वाकडं नाकही सरळ दिसतं. मनासारखं झालं नाही तर दुरुस्ती किती जणांना लागते, ती तुम्हीच करता की दुसरीकडे पाठवता आणि तिचा खर्च कुणाचा? ‘आमच्याकडे कुणालाच लागत नाही’ असं उत्तर आलं तर चहा घेऊन निघा. दुरुस्ती सगळ्यांनाच थोडीफार करावी लागते. भूल कोण देणार आणि ऑपरेशन आयसीयूची सोय असलेल्या रुग्णालयात आहे की क्लिनिकच्या मागच्या खोलीत, तेही विचारा.

जाता जाता फिलरबद्दल. ‘ऑपरेशनशिवाय नाक’ म्हणून उंचवट्याच्या वर-खाली फिलर टोचून सरळ रेघ करून देतात. नाकाच्या पाठीवरची रोहिणी डोळ्याच्या रोहिणीशी जोडलेली आहे. फिलर चुकून तिच्यात गेला तर कातडी मरू शकते, दृष्टी जाऊ शकते. अगदी क्वचित होतं, पण होतं. हायल्युरॉनिक फिलर विरघळवणारं इंजेक्शन हाताशी नसलेल्या ठिकाणी, विशेषतः ब्यूटी पार्लरच्या वरच्या मजल्यावर, हे करून घेऊ नका. शिवाय त्याने तुमची बंद नाकपुडी उघडणार नाही.

पैशाचं: मेडिक्लेमच्या पॉलिसीत ‘कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी’ हा वगळलेल्या गोष्टींतला ठरलेला मुद्दा आहे, अपघात, भाजणं, कॅन्सर यांनंतरची किंवा वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असलेली शस्त्रक्रिया त्यातून सुटते. वाकड्या पडद्यामुळे श्वास अडतो हे एंडोस्कोपीच्या रिपोर्टसह मांडलं तर तेवढ्या भागाचा दावा करता येतो, आकाराचा खर्च खिशातून. दोन्हींचं बिल वेगवेगळं मागा. पूर्ण ऑपरेशन ‘पडद्याचं’ म्हणून दाखवू असं कुणी सुचवलं तर नको म्हणा. दावा फेटाळला जाईल तेव्हा कागदावर नाव तुमचं असतं.

आणि तारीख ठरवताना घाई करू नका. प्लास्टर आठवड्याभरात निघतं, डोळ्यांखालचे काळे-निळे डाग दोन आठवड्यांत जातात, पण टोकाची सूज पूर्ण उतरायला वर्ष लागतं, जाड कातडीला त्याहूनही जास्त. चष्मा असेल तर सुरुवातीचे काही आठवडे तो नाकावर टेकवायचा नाही, कपाळाला चिकटपट्टीने टांगायचा किंवा लेन्स वापरायच्या. पुण्याला निघताना जुना एक्स-रे, असल्यास सीटी स्कॅन आणि अपघाताच्या आधीचा, समोरून काढलेला एखादा शाळेतला फोटो बरोबर घ्या. तुमचं मूळ नाक कसं होतं ते सर्जनला त्याशिवाय कळणार नाही.